स्थितीचा रकाना

हुबळीहून मिळालेला कागद आठ रकान्यांचा:
वस्तू, नग, अंदाजे वजन, स्थिती, पुढे आणखी काही.
कुळ्याला उतरलो तेव्हा पावणेदहा झाले होते.
दूधसागरला निघालेली पोरं जीपवाल्यांशी भांडत होती
आणि माझ्याकडे होती एक टेप, एक खडू
आणि ह्या गावात कुणाला ओळखत नाही असा चेहरा.

(जन्म इथलाच. रेल्वे चाळीतली चौथी खोली.
पण त्याला यादीत रकाना नाही.)

मीटर गेज गेली तेव्हा मी सातवीत होतो.
रूळ उचलून नेले, असं सगळेच सांगतात.
सुकडो वेळीपाच्या गोठ्याचे खांब रूळच आहेत.
गाय अंग घासून घासून त्यांना चकाकी देते,
पूर्वी ते काम गाड्या करायच्या.
शाळेची घंटा म्हणजे हातभर रूळ, टोकाला भोक.
ओहोळावर दोन स्लीपर, सागाचे,
त्यावरून कोंबड्या बिनधास्त पलीकडे जातात.
इंजिनाला पाणी पाजणारा खांब अजून उभा आहे,
त्याच्या सोंडेत मधमाश्या,
बुंध्याशी कुणीतरी ठेवलेली जास्वंद, आजचीच.
कुठल्या देवाची, ते विचारलं नाही.
खांबाचं वजन काढता येतं.
जास्वंदीसकट काढायचं की वगळून?

यार्डाच्या टोकाला घाणा.
कागदावर टर्नटेबल,
गाव घाणाच म्हणायचं:
बैलांच्या जागी माणसं, खोबऱ्याच्या जागी इंजिन.
घाट उतरून आलेलं ते धूड हळूच वर चढायचं,
दोन बाजूंनी दोन माणसं दांड्याला खांदा लावायची
आणि धूड मुकाट तोंड फिरवायचं.
एका बाजूला कायतान बार्रेत,
दुसऱ्या बाजूला माझे वडील.
फणसाच्या एका झाडावरून दोघांनी
अकरा वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता.
इंजिन कधी अर्ध्यावर अडकलं नाही.

खड्ड्यात आता पाणी, बेडूक, एक चप्पल.
वर, जिथं इंजिन उभं राहायचं, तिथं
खारे बांगडे वाळत घातलेले
आणि राखणीला इझमेनिया, कायतानची धाकटी.
तिनं मला चालण्यावरून ओळखलं.
‘अजून स्लीपर मोजत चालतोस, बापायसारखो.’
मी खाली पाहिलं. पायाखाली नुसतं गवत.

भंगाराचं सांगितलं तर म्हणाली, ‘व्हर.
पूण पयलीं घुंवडावन दाखय.’

साठीच्या पुढची बाई. गाऊन कमरेला खोचून
न विचारता बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.
दांडा एकच उरलेला, तो तिच्याकडे.
मी उघड्या लोखंडाला खांदा दिला.

एकदा. काही नाही.
दुसऱ्यांदा बगळा तेवढा उडाला.
तिसऱ्यांदा खालून, फार खालून,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा आवाज आला
आणि घाणा हलला.
वीतभर.
घाटाकडे रोखलेले रूळ आता
सुकडोच्या गोठ्याच्या दिशेनं पाहत होते.
बेडूक गप्प. दोन बांगडे पाण्यात.
इझमेनिया हसली नाही.
उरलेले बांगडे मोजले, म्हणाली,
‘दोन गेले. तुझ्या नावावर मांडते.’

परतीच्या गाडीत यादी पुरी केली.
पाण्याचा खांब, नग एक.
गोठा रेल्वेच्या हद्दीत येत नाही,
टेप न लावताच तसं लिहिलं.
टर्नटेबल, नग एक, वजनाचा रकाना कोरा,
स्थिती:
बोगदा आला, डब्यात दिवा नव्हता,
अंधारातच लिहिलं, ‘चालू’.

साहेब फोन करील. चालू म्हणजे काय, म्हणेल.
उजवा खांदा दुखतोय, एवढंच सांगता येईल.
आणि दोन बांगड्यांचे पैसे द्यायचे राहिलेत.