तुंबा

उपटू नको, म्हटलं महापालिकेच्या पोराला,
हे गवत नाही.
तो हसला. त्याच्या खुरप्याला सगळं गवतच.

मग देठ दिला त्याच्या दोन बोटांत. फिरव.
चार कडा लागल्या.
तुळशीला असतात, पुदिन्याला असतात, तशाच.
एकाच कुळातला हा, फक्त ह्याला
कुणी वृंदावन बांधलं नाही.
नळाजवळची दोन रोपं तरी त्यानं उपटलीच.

बी कुंभारीच्या वाटेवरचं, कडेच्या मुरमातलं.
टॉवेलच्या चिंधीत बांधून आणलं,
रंगाच्या फुटक्या पिंपात पेरलं
साखर पेठेत, दाराशी,
जिथं पाणी येतं चार दिवसांआड
आणि तेही पहाटे तीनला.
कोथिंबीर दोनदा जळाली,
सुनेचा गुलाब तर आला तेव्हाच रुसलेला.
हा मात्र श्रावणात गुडघाभर,
पेरापेराला पांढरे गोंडे,
आणि गोंड्यातल्या एकेका फुलाचा
खालचा ओठ असा रुंद,
माशीसाठी पाट मांडल्यासारखा.

सोमवारी हिरेमठांच्या गौरव्वा आल्या परडी घेऊन.
तुंबे हूवू, म्हणाल्या, शिवाला फार आवडतं.
आमच्या घरात तुम्मी.
समोरचे इंगळेमास्तर तुंबा म्हणतात.
तीन भाषांच्या बोळात एकच झाड,
कुणीही हाक मारा.
मी म्हटलं, अव्वा, खालचे गोंडे घ्या,
वरचे माशांचे.
त्या जरा थांबल्या. मग परडीतली दोन फुलं
परत पिंपात टाकली,
जशी काही ती पुन्हा देठाला लागणार होती.

माशी म्हणजे ती निळ्या पट्ट्यांची,
पोळं नाही, राणी नाही, एकटी.
तिच्यातले नर तिन्हीसांजेला
देठ जबड्यात धरून झोपतात,
वाऱ्यानं हलतात, सुटत नाहीत.
नात सिंधुजा बॅटरी घेऊन मोजते. काल पाच होते.

आजोबा, केवढी गुणगुणते हो ही!
असेल.
तीस वर्षं टेरीच्या मागावर काढली,
कान धोट्यानं कधीच नेले,
कोणत्या वर्षी, तेही कळलं नाही.

म्हणून दहाच्या उन्हात पिंपाशी बसतो,
माशी फुलात शिरली
की देठाच्या कडेवर बोट टेकवतो, हलकंच.
थरथर येते.
माग सुरू होताना तळपायाला यायची, तेवढी नाही.
त्याहून पुष्कळच बारीक.
पण येते.