जंगाल आणि शेंदूर

डिसेंबरात नॉरफोकमध्ये चारलाच दिवस मिटतो.
चर्चमध्ये हीटर एकच; वाजतो फार, तापतो कमी.
मी पडद्यापुढे मांडी घालून बसते.
पडदा म्हणजे लाकडाचा, कमरेएवढा, पाचशे वर्षांचा,
लोकांची बाजू आणि देवाची बाजू
यांच्यामधली रंगवलेली कड.

एक फळी लाल, एक हिरवी, लाल, हिरवी.
फळीफळीवर एकेक संत.
चेहरा एकालाही नाही.

कापसाची काडी जिभेवर ओली करते.
हो, थुंकीनंच पुसते. बाटलीतलं कुठलंच पाणी
इतक्या हलक्या हातानं मळ काढत नाही.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
"देवाला उष्टं?"
मग जरा थांबून,
"शबरीचं चाललंच म्हणा."

काडीवर काळं यावं. काळं म्हणजे धूर, मेणबत्त्या, माणसांचे श्वास.
रंग आला की हात जागच्या जागी थांबवायचा.
एवढा एकच नियम.

लाल आधी उघडतो.
शेंदूर आहे हा. वेशीवरच्या मारुतीचा, तोच.
शिसं शिरक्याच्या वाफेवर, शेणाच्या उबेत
महिना-दोन महिने विसरून जायचं;
त्यावर पांढरं धरतं, तो सफेदा.
सफेदा भाजत राहिलं की शेंदूर.
म्हणजे बर्फाचा रंग नि रक्ताचा रंग
एकाच घरातले,
आणि घर विषाचं.

हिरवा उशिरा बोलतो.
जंगाल. तांब्याचा गंज.
आमची शकूआत्या चिंचेनं घासून घासून
हाच रंग मोरीत सोडायची.
"कळकलं गं! ओत ती आमटी!"
इथल्या रंगाऱ्यानं मात्र तो हौसेनं पिकवला,
तेलात खलला, आणि संताच्या पाठीशी दिला,
पाहुण्याला लोड द्यावा तसा.

मिसेस थर्टल चहा आणतात. त्यांना सगळं पाठ आहे:
लाल म्हणजे त्याचं रक्त, हिरवं म्हणजे न सरणारं आयुष्य,
सोनेरी राजांचं, पांढरं बाळाचं.
बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगतात,
आणि बिस्किट पुढे करतात.

विल्फ्रेड गेज दारातून हॉलीचा भारा ढकलत येतो.
"बाळ जन्मायच्या आधीपासून ही अशीच आहे," म्हणतो,
"थंडीत दुसरं उरतंच काय?
जे उरलं ते घरात आणलं. अर्थ मागाहून आला,
पावसात भिजून, दार वाजवत."

आणि कुणी असंही म्हणतं, की या असल्या पडद्यांसमोर
पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकून
डोळ्यांत जोडी बसली ती बसलीच.
मला ठाऊक नाही. मी फक्त मळ काढते.

एवढं मात्र दिसतं:
ते आले तेव्हा हातांत तासण्या होत्या.
नियम त्यांचाही एकच होता: मूर्ती नको.
त्यांनी डोळे खरवडले, मग ओठ, मग कपाळं,
नेमानं, डावीकडून उजवीकडे.
रंगावर कुणाचा संशय गेला नाही.
रंग कुणाकडे बघत नव्हता ना!

आता गावातली मुलं कागदी साखळ्या डकवतात,
लाल कडीत हिरवी, हिरवीत लाल.
टॅम्झिन नावाची एक, नाकाला गोंद लागलेला, विचारते,
"हा कोण?"
मी म्हणते, नाव गेलं.
ती बिनचेहऱ्याच्या त्या जागेकडे बघते.
"पण कपडे छान आहेत," म्हणते, आणि पळते.

सहा वाजता शेवटची काडी.
आणि कापसावर लाल!
काळीज लक्कन हललं. पाचशे वर्षं टिकलं ते
माझ्याच हातून गेलं?
फळी बघितली, भिंग लावलं. शेंदूर जागच्या जागी.

मग बोट बघितलं.
मघाशी भारा धरताना हॉलीचं पान लागलं होतं.

तोंडात घातलं बोट.
चव तांब्याची.