पाणउतारा

गोडेलीव्ह, बैठकीतले ते आठ जण आज इथे नाहीत.
मुद्दाम सांगतोय, कारण
अपमान चारचौघांत
आणि माफी एकटीला गाठून, हा हिशेब
मलाही पटत नाही.
चारचौघांतलं मंगळवारी. आज फक्त सुरुवात.

सायकलवर आलो. वारा समोरून होता,
त्याचं विशेष नाही, आमच्या झीलंडमध्ये
कुठेही निघा, तो समोरूनच असतो.
बीट काढून झालंय, रस्ताभर चिखल,
सरहद्द कधी लागली कळलंच नाही;
डांबराचा रंग बदलला, एवढंच.

त्या दिवशी तू म्हणालीस,
"पाणी तीन-चाळीसला पोचलं की पंप लावू."
माझ्या वहीत होतं, एक-सात.
मी हसलो. नुसता हसलो असतो तरी निभावलं असतं.
"तीन-चाळीसला? तोवर चर्चमध्ये मासे प्रार्थना म्हणत असतील.
फ्लँडर्समध्ये पट्टी उलटी धरतात का?"
सगळे हसले. म्हातारा मारिनुस तर ठसका लागेपर्यंत.
तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास,
कागदांची चळत टेबलावर ठोकून सरळ केलीस
आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाहीस.
मला वाटलं, जिंकलो.

पाणी उतरवायचा पगार घेतो मी.
तुझा पाणउतारा केला तो फुकट.

रात्री जुन्या वह्या चाळत होतो, दुसऱ्याच कशासाठी,
तर आधीच्या इंजिनिअरच्या हातची, समासात, एक ओळ:
'पलीकडच्यांचं शून्य आपल्या शून्याच्या खाली,
दोन मीटर तेहतीस.'
शिसपेन्सिलीने. खाली दोन रेघा.
तीन-चाळीसातून दोन-तेहतीस वजा केले.
पुन्हा केले.
मग दिवा घालवून तसाच बसून राहिलो.

एकच पाणी होतं ते.
तू ओस्टेंडच्या ओहोटीपासून मोजत होतीस,
मी आम्सटरडॅमच्या कुठल्याशा जुन्या भरतीपासून,
आणि शाळेपासून माझी समजूत
की शून्य जगात एकच असतं,
आणि ते आमचं.
पातळी सोडली ती मी, पाण्याने नव्हे.

एवढं सगळं पाठ करून आलो होतो.
पंपघरात तू गुडघ्यांवर, कोपरापर्यंत ग्रीस,
मी दारात, हातात बोलुसची पिशवी,
दालचिनीचा पाक कागदातून झिरपून बोटांना चिकटलेला.
निम्मं विसरलो. मासे आणि चर्च तर
पुन्हा उच्चारवतच नव्हतं, पण उच्चारलं.

तू ऐकलंस. पाना खाली ठेवला नाहीस.
"आकड्याचं काही नाही, क्राइन.
आकडे माझेही चुकलेत,
एका पाववाल्याचं तळघर बुडवलंय मी, पिठासकट.
तू विचारलं नाहीस, कुठून मोजतेस.
दोनच शब्द होते."

मग बराच वेळ नुसता बोल्ट फिरण्याचा आवाज.

"आणि मला माहीत होतं," म्हणालीस, मान वर न करता.
"तू हसलास तेव्हाच कळलं मला, तू कुठल्या शून्यावर उभा आहेस ते.
बोलले नाही. म्हटलं, बुडू दे याला.
याला म्हणजे तुला; पण बुडाली असती
ती मारिनुसची मेंढरं.
ते माझं आहे. मंगळवारी मीही सांगेन."

यावर काय म्हणायचं, ते मी पाठ केलेलं नव्हतं.
पिशवी पुढे केली.
ग्रीसच्याच हाताने एक उचललास, मोडलास, खाल्लास,
"फार गोड," म्हणालीस,
आणि दुसरा घेतलास.

बाहेर येऊन कठड्यावरून पट्टी वाचली.
मोठ्याने, तुला ऐकू जाईल अशी,
तुझ्या शून्यापासून:
तीन-चौतीस.

आतून तुझा आवाज आला:
"पस्तीस. वाकून बघ."