तारखेची जागा

संपाची नोटीस चौदा दिवसांची असते.
मी ती तीनदा टाईप करून घेतली होती,
वझ्यांनी स्वल्पविराम हलवले होते,
सोमवारच्या कार्यकारिणीत
तारीख ठरायची होती फक्त.

आणि शुक्रवारी पहाटे सव्वासहाला
देवनारच्या चौकीत मुकादमानं
सेल्वमच्या नावापुढं गैरहजेरी मारली.
सेल्वम समोरच उभा,
आदल्या दिवशीची काच लागलेल्या हाताला
फडकं गुंडाळून.
सोजर म्हणाली, "मग हा कोण? ह्याचं भूत?"
कुणीतरी हसलं.
तिनं घमेलं पालथं घातलं
आणि त्यावर बसली.

एवढंच.
मग दुसरं घमेलं पालथं झालं. तिसरं.
पत्र्याचा तो आवाज
गोवंडी, बैंगनवाडी, मानखुर्द करत
नऊच्या आत अकरा चौक्यांत.

मला सांगितलं भंगारवाल्या मुश्ताकनं:
"तुमची युनियन बसली ना?"
मी म्हटलं, "कुठं?"

वझे म्हणाले, "कुणाला विचारून बसले?"
आणि चष्मा पुसत
बराच वेळ स्वतःच गप्प राहिले.

तीन दिवस नुसता उत्सव.
चौथ्या रात्री कंत्राटदारानं ट्रक भरून
नवी माणसं आणली.
पाचव्या सकाळी काही घमेली
हळूच सुलटी झाली.

तेव्हा माझी वही लागली.
कुणाच्या घरी तांदूळ संपलाय,
कुणाचं मूल सायनला ॲडमिट,
कोण कर्जापायी मुकादमाच्या मुठीत,
कुणाच्या शब्दावर आख्खी गल्ली उठते,
अकरा वर्षं महिना दहा रुपयांची पावती फाडत
दारोदार प्यालेला गोड चहा
त्या वहीत उतरला होता.
त्या वहीवर आम्ही अजून नऊ दिवस काढले.

वहीत सोजर नव्हती.
तिनं कधी वर्गणी भरलीच नाही.
"पावती काय भाजून खाऊ?" म्हणायची,
आणि मी पुढच्या दाराला जायचो.

सेल्वमची हजेरी लागली. अर्धा पगारही मिळाला.
सात जण कमी केले,
त्यात ती.

परवा ऑफिसात आली, चप्पल बाहेर काढून.
"माझं नाव घाल," म्हणाली,
"पैसे उधार."
मी पान उघडलं.
नाव, चौकी, पत्ता लिहिला,
आणि सभासद झाल्याची तारीख ह्या रकान्यापाशी
पेन थांबलं.
आजची घालावी
की त्या शुक्रवारची?
"घाल ना कायपण," ती म्हणाली,
"मला नळावर जायचंय."

नवी नोटीस लिहायला घेतलीय.
मागण्या झाल्या, कलमं झाली, खाली सह्याही झाल्या.
तारखेची जागा तेवढी कोरी सोडलीय.
वझे विचारतात, का?

मी म्हणतो, शाई संपलीय.