चाळीस सेकंद

सातव्या आणि आठव्या कसरतीच्या मध्ये
माझे चाळीस सेकंद असतात.
तेवढ्यात समुद्र वाचवायचा.

डर्बनचं टळटळीत ऊन, निळ्या रंगवलेल्या पायऱ्या,
आठशे माणसं, मांडीवर चिप्स, डोक्यावर कागदी शार्क.
अ‍ॅडमिरल तळ्यातून प्लास्टिकची बाटली वर आणतो,
ओल्या फरशीवर पोट घासत डब्यापर्यंत जातो.
माझं शेवटचं वाक्य येतं : ‘समुद्र तुमचाही आहे.’
बाटली डब्यात.
टाळ्या.
लुंगेलो कमरेच्या पिशवीतून त्याला मासा देतो,
बर्फातून काढलेला, अजून कडक.

बाटली रोज तीच.
शो संपला की झोड्वा ती पुसून कपाटात ठेवते,
उद्या पुन्हा समुद्र घाण करायला.
मग पायऱ्यांवरच्या बाटल्या वेचायला वाकते.
त्या रोज नव्या.

तिने एकदा मोजल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना.
संदेश नव्हता तेव्हा दिवसाला एकशे तीस,
संदेश सुरू झाल्यावर एकशे बारा.
‘अठरा कमी,’ ती म्हणाली, ‘तुझ्या आवाजाने.’
मी घरी जाताना टॅक्सीत तोच हिशेब करत राहिले :
अठरा बाटल्यांना एक सील.
स्वस्त पडला की महाग,
आणि कुणाला.

जूनमध्ये दक्षिणेच्या थंड पाण्यातून
सार्डिन वर सरकतात, किनाऱ्याला काळी किनार येते.
बायका स्कर्टचा ओचा करून पाण्यात शिरतात,
पोरं बादल्या घेऊन धावतात.
त्या दिवसांत अ‍ॅडमिरल
तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उभा तरंगतो,
नाक भिंतीच्या वर.
भिंतीपलीकडे रस्ता, मग वाळू, मग ते.

मी संदेशात एक वाक्य घातलं होतं :
‘याचा जन्म इथलाच. समुद्र त्याने फक्त ऐकलाय.’
मॅनेजर फॅन ऱ्हेनसबर्ग यांनी ते पेन्सिलीने खोडलं, अगदी हळुवार.
‘लोक इथे रडायला येत नाहीत.
बघतील तर जीव लावतील, जीव लावतील तर वाचवतील.’
मला चटकन उलट बोलता आलं नाही,
कारण मी नऊ वर्षांची असताना
उमलाझीहून शाळेच्या बसने इथेच आले होते.
समुद्र घरापासून फार लांब नव्हता, पण आम्हाला तो कुणी दाखवला नव्हता.
त्या दिवशी एका सीलने मला टाळी दिली.
त्या ओल्या, रबरी टाळीने
मला थेट या माईकपर्यंत आणलं.
त्या सीलला मात्र कुठेच नेलं नाही.

परवा लेडीस्मिथची एक मुलगी
फोटोची रांग सोडून माझ्याकडे आली.
‘मासा नाही दिला
तर तो बाटली उचलेल का?’
लुंगेलो हसला. मीही हसले, त्याच्यामागून.
ती हसली नाही.
तिच्या हातातली बाटली अर्धी भरलेली होती,
ती तिने झाकण घट्ट लावून दप्तरात घातली.

आणि आज माईक गेला.
सातवी कसरत झाली,
अ‍ॅडमिरल बाटली घेऊन वर आला,
मी तोंड उघडलं, आवाज पोचेना.
दहा सेकंद लोक चुळबुळले.
मग, का कोण जाणे, गप्प झाले.
भिंतीपलीकडून लाट ऐकू आली, एक,
मग तिच्यामागची.
कुणाचं तरी बाळ त्या दिशेला वळलं.

लुंगेलो हाताने खुणा करत होता : टाक, टाक.
अ‍ॅडमिरल टाकेना.
त्याला माझं शेवटचं वाक्य हवं होतं,
त्याशिवाय मासा नाही, हे त्याला पाठ आहे.
डब्यापाशी, मान वर करून, बाटली तोंडात धरून
तो माझ्याकडे बघत राहिला,
समुद्र कुणाचा आहे ते मी एकदा सांगून टाकावं म्हणून.