अपहीव्हल

रास अल खैमाच्या टायपिंग सेंटरात, दुपारच्या बंदआधी,
अल्ताफ परकारांनी चार घड्यांचं पत्र उलगडलं.
"एकच शब्द अडलाय वो. बाकी कळलं.
अठ्ठावीस तारीख, ती पण कळली."

बाजारातल्या अपहीव्हलमुळे
कंपनीला खेद होतो.

मी म्हटलं, उलथापालथ.
"उलथलं कोण? आम्ही तर जाग्यावरच,
एकोणीस वर्षं, खडीच्या क्रशरवर."
खळबळ म्हणावं, तर पत्रात आवाज नव्हता.
कालवाकालव पोटातली,
ती कंपनीला कुठून?

मग शब्द मोडून दाखवला. अप म्हणजे वर,
हीव्ह म्हणजे जोर लावून उचलणं.
"हां, हेस्सा!" ते हसले.
हर्णैला बापाबरोबर होडी ओढताना
हाच शब्द खांद्यात होता,
इंग्रजी यायच्या आधी.

कोशात पहिला अर्थ जमिनीचा आहे:
आतून रेटा येऊन तळ वर येणं.
वाचला. ते गप्प.
खिशातून पाकीट निघालं, पाकिटातून दगडाची कपची,
तीत शिंपल्याची अर्धी नक्षी.
"क्रशरच्या तोंडातनं काढलेली. डोंगरात
ही कशी आली, कुणाला विचारलं नव्हतं."

कपची टेबलावर राहिली, माझ्या स्टेपलरशेजारी.
उत्तरात काय लिहू?
"लिवा, पत्र पोचलं.
आणि अठ्ठावीसच्या जागी तीस करा म्हणावं.
तवर महिना भरतो."