नग सतरा

दिघोरी नाक्यावर हवा भरली, तर्री-पोहे खाल्ले,
आणि कागद पुन्हा एकदा पाहिले:
परवाना, ग्रामपंचायतीचं पत्र, वनखात्याचा शिक्का,
डुकरं मारायला या म्हणून.
एकटाच. डोंगरवार येणार होता,
ऐन वेळी त्याच्या पोरीची परीक्षा निघाली.

बायकोनं यादी लिहून दिली होती विजेच्या बिलामागं,
नग सतरा.
"मोजून ने, मोजून आण."
मागच्या खेपेला स्टोव्ह गेला,
त्याच्या आधी उजव्या पायाचा बूट, फक्त उजव्या.

दुनळी माझी तीन तुकड्यांत झोपते.
नळ्या पेटीत, पेटीला साखळी, साखळी बाभळीला,
कारण ओम्नीचं मागचं दार आता नुसतं दाराचं सोंग आहे.
दस्ता सीटखाली, घोंगडीत.
पुढचं लाकूड उशाशी.
काडतुसं चिवड्याच्या डब्यात, वर खरोखरचा चिवडा;
कुणी झाकण उघडलंच तर आधी शेंगदाणे निवडत बसेल.
गाडीभोवती गुडघ्याइतकी सुतळी ओढली,
तिला दोन स्टीलचे ग्लास टांगले.
शेकोटी लहान. मोठी शेकोटी लांबून पत्ता सांगते.

अकराच्या सुमाराला ग्लास वाजले.
कुत्रं.
साडेबाराला वाजले. वारा.
दीडला वाजले आणि मी टॉर्च मारला, तर
डोक्यावरून चादर घेतलेली एक म्हातारी,
एका हातात काठी, दुसऱ्यात पत्र्याचा डबा.
"कोन होय? बॅटरी खाली करा ना, डोये फोडता का जी?"
सुपडाबाई नेवारे. जागलीला आलेली.
तिच्याच हरभऱ्याच्या धुऱ्यावर मी गाडी लावली होती.

तिनं सुतळी पाहिली, ग्लास पाहिले, साखळीला हात लावून पाहिला.
"आमी वावर राखतो. तुमी काय राखून रायले?"
मी म्हणालो, सामान.
"मंग डुकराले काय मी मारू?"
आणि हसली नाही. पल्याड माळ्यावर जाऊन बसली,
तिथून मधूनमधून डबा बडवत राहिली.

मी तेव्हाच उठायला हवं होतं.
महालातल्या माझ्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर,
ही बंदूक मी चाळीस सेकंदांत जोडतो.
पण अंधारात किल्ली सापडेना,
सापडली ती दुकानाच्या शटरची,
आणि खरी हाताला लागली तेव्हा वाटलं,
नळ्या आणायला बाभळीपाशी गेलो
तर इकडं दस्ता एकटा राहतो.
आज हे लिहिताना हसू येतं. त्या रात्री आलं नाही.

चारला हरभरा मोडल्याचा आवाज आला,
बारीक काड्यांवरून कुणी न घाबरता चालावं तसा.
नाल्याच्या अंगानं आले असावेत,
जिकडं माझी सुतळी नव्हती
आणि तिचा डबा पोचत नव्हता.
मी सतरा नगांच्या मधोमध बसून होतो.
एकही नग हलला नव्हता.

उजाडल्यावर दोघं उकरलेली माती बघत उभे राहिलो.
अर्धा एकर तरी.
"तुमचं तं सारं वाचलं ना जी?"
मी काय बोलणार? चिवड्याचा डबा पुढं केला.
तिनं शेंगदाणेच निवडले.
बोटं पितळेला लागली तशी थांबली,
हात बाहेर काढून पदराला पुसला,
आणि नाल्याकडं काटेरी फांद्या ओढायला गेली.

संध्याकाळी घरी, ओट्यावर सामान मांडलं.
सोळा.
बायकोनं एकेकाला बोट लावून पुन्हा मोजलं. सोळा.
स्टोव्ह आहे, बूट दोन्ही आहेत, टॉर्च, घोंगडी, ग्लास.
मग मलाच आठवलं:
निघताना पेटी सोडवली,
आणि सवयीनं कुलूप परत साखळीत अडकवून दाबलं,
वर दोनदा ओढून पाहिलं.

किल्ली जुडग्यात आहे अजून.
कुहीच्या पुढं, सुपडाबाईच्या धुऱ्यावरची
ती बाभूळ मात्र आता
कुणाच्या बापाला चोरता येणार नाही.